‘त्या ठिकाणी’, आमेन? : एका पाळकाच्या बोलण्यातल्या सवयींचा प्रकरण अभ्यास

तक्रार

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातली ही ख्रिस्ती मंडळी. चाळीसेक कुटुंबं, टिनाच्या छताचं प्रार्थनाघर, पुरुष डावीकडच्या सतरंजीवर, बाया उजवीकडच्या, म्हाताऱ्यांसाठी भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या. तक्रार घेऊन आले ते मंडळीचे ज्येष्ठ पंच, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. म्हणणं असं की पास्टर माणूस म्हणून चांगले आहेत, आजाऱ्याला रात्री-बेरात्री दवाखान्यात नेतात, दानपेटीच्या हिशोबात कधी बोट दाखवायला जागा ठेवली नाही, पण पुल्पिटवर, म्हणजे उपदेशाच्या जागी, उभे राहिले की ‘त्या ठिकाणी’शिवाय त्यांचं वाक्य पुढं सरकत नाही. मागं बसणारी पोरं गीतपुस्तकाच्या कोऱ्या पानावर पाच-पाचच्या रेघा मारून मोजतात आणि उपासना सुटली की टपरीवर चहाच्या पैजा लागतात. असं एक पान मास्तरांच्या हाती लागलं होतं. ते त्यांनी खिशातून काढलं, पुन्हा खिशात घातलं आणि म्हणाले, “तुम्ही स्वतःच ऐका एकदा.”

उपदेश करणाऱ्यांची छोटी शिबिरं मी घेतो, म्हणून ते माझ्याकडे आले. माणसांची ओळख पटू नये इतके तपशील इथे बदललेले आहेत.

असल्या तक्रारी बहुतेकदा हसण्यावारी जातात. आशय बघा, शब्द काय मोजता, असं म्हणणारे भेटतात आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. पण त्या पोरांना मी विचारलं, मागच्या रविवारी उपदेश कशावर होता? आकडा त्यांना पाठ होता. वचन, म्हणजे उपदेशासाठी घेतलेला बायबलमधला उतारा, एकालाही सांगता येईना. पोरांचा खोडसाळपणा म्हणून हे सोडून देण्याजोगं नव्हतं.

माणूस

पास्टर तिशीच्या अलीकडे-पलीकडे. शेजारच्या तालुक्यातल्या कोरडवाहू कास्तकाराचं पोर. घरात वऱ्हाडी. बायबल कॉलेज राज्याबाहेरचं, तिथं वर्गात इंग्रजी आणि खोलीवर हिंदी. या जिल्ह्याला पाळकांचं शिक्षण तसं नवं नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. आता इथली पोरं शिकायला लांब जातात, आणि परत येतात तेव्हा डोक्यात टिपणं एका भाषेत, कानात गाजलेल्या वक्त्यांचे उपदेश दुसऱ्या भाषेत आणि समोर बसलेली माणसं तिसऱ्या भाषेत, अशी त्यांची अवस्था असते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बोलण्यातून सहज निघाली आणि माझे कान टवकारले. कॉलेज संपल्यावर दोन-तीन वर्षं ते मोठ्या सभांमध्ये दुभाषी होते. वक्ता हिंदीत एक वाक्य बोलणार, हे मराठीत सांगणार. दुभाष्याला विचार करायला वेळ नसतो. वक्त्याचं वाक्य संपलं की लगेच तोंड उघडावं लागतं, नाहीतर मंडपातली माणसं बघायला लागतात. मग वाक्य जुळेपर्यंत काहीतरी बोलत राहायचं. त्या काळात ‘त्या ठिकाणी’ तोंडात बसलं असावं, असं माझं मत आहे. पास्टरांना ते पटलं, पण ते मनमिळाऊ आहेत, त्यांना बरंच काही पटतं.

सध्या त्यांच्याकडे तीन गावं आहेत. सकाळी इथं, दुपारी दुसरीकडे, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, मधलं सगळं अंतर मोटरसायकलवर. उपदेशाची तयारी शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर.

मुद्रण

पास्टरांना विचारून एका रविवारी त्यांचा उपदेश मोबाइलवर मुद्रित केला. बायबलमधला लूक १५, उधळ्या पुत्राची गोष्ट: बापाकडून वाटणी घेऊन परदेशी ती उधळणारा आणि डुकरं राखायची पाळी आल्यावर घरी परतणारा धाकटा मुलगा. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा उतरवला, तो असा:

“तर त्या ठिकाणी आपण पाहतो, प्रियांनो, की तो धाकटा पुत्र जो आहे, तो त्या ठिकाणी उठला. आमेन? आणि त्या ठिकाणी जो काही त्याचा बाप आहे, त्या बापाकडे, हालेलुया, तो त्या ठिकाणी निघाला. आणि बापाने जे आहे ते त्याला त्या ठिकाणी दुरून पाहिलं. समजतंय ना? आणि बाप त्या ठिकाणी, किती जण म्हणतील आमेन, बाप त्या ठिकाणी धावला.”

मुलगा डुकरांच्या देशात, बाप घरी. गोष्टीचा सगळा जीव त्या दोघांमधल्या अंतरात आहे. इथे मात्र दोघेही सुरुवातीपासून ‘त्या ठिकाणी’च आहेत. ऐकणाऱ्याला वाटावं, भेट झालेलीच आहे, मग म्हातारा धावला कशाला?

‘त्या ठिकाणी’ हा काही ख्रिस्ती मंडळीचा शब्द नव्हे. पुढारी बोलतात, टीव्हीवरचे वार्ताहर बोलतात, सत्कार समारंभात सूत्रसंचालक ‘या ठिकाणी’ बोलतात. भाषणाची मराठी म्हणजे हीच, असा समज गावोगाव आहे. तेव्हा पास्टरांनी तो कुठून उचलला याचा शोध फार ताणण्यात अर्थ नव्हता. तो नेमका कुठे येतो, हे पाहणं जास्त कामाचं होतं. म्हणून मी मोजलं नाही. उतरवलेल्या कागदावर फक्त जागांना खुणा केल्या.

खुणा सगळीकडे सारख्या पडल्या नाहीत. वचन वाचताना एकही नव्हती. वचन संपून पहिलं स्वतःचं वाक्य सुरू झालं तिथं गर्दी. गोष्टीतून ‘आपल्यासाठी याचा अर्थ काय’ याकडे वळताना पुन्हा गर्दी. ज्या मुद्द्याचं शीर्षक त्यांच्या वहीत इंग्रजीत लिहिलेलं होतं, तिथं तर तीन-चार सवयी एकावर एक. आणि मध्ये एकदा, वहीत नसलेली, त्यांच्या स्वतःच्या आजोबांची एक आठवण त्यांनी सांगितली. तो सबंध तुकडा स्वच्छ होता.

बाकीच्या सवयी पटकन सांगून टाकतो. ‘शेवटचं एकच सांगतो’ हे त्या उपदेशात तीनदा आलं आणि तिसऱ्यांदा म्हातारी माणसं खरंच चपला शोधायला लागली. ‘शेजाऱ्याकडे वळून सांगा’ हे सभांमधून आलेलं. नवरे एका सतरंजीवर आणि बायका दुसऱ्या, त्यामुळे शेजारी म्हणजे रोजचाच बांधाला लागून असलेला कास्तकार. ते दोघे एकमेकांकडे बघून हसायचे आणि काहीच सांगायचे नाहीत. शिवाय ॲम्प्लिफायरचा इको पूर्ण फिरवून ठेवलेला. प्रत्येक ‘आमेन’ टिनावर आपटून दोनदा परत यायचा.

पहिला उपाय

मी येण्याआधी मास्तरांनी त्यांच्या परीनं एक उपाय करून पाहिला होता. उपासना संपल्यावर दाराशी पास्टरांच्या हातात एक यादी दिली. कोणते शब्द टाळायचे, खाली सही. बाजूला दोन-चार जण उभे होते. मास्तरांचा हेतू साफ होता, पण पस्तीस वर्षं वह्या तपासलेला हात.

पुढच्या रविवारी ‘त्या ठिकाणी’ खरोखर कमी झालं. त्याच्या जागी लांबच लांब ‘अं’ आला आणि ‘मित्रहो’ आला, जो आधी कधी नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी पास्टरांनी सगळा उपदेश लिहून आणून वाचला. मान खाली, डोळे कागदात. पौलाचा उपदेश लांबला तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. इथं सतरंजी असल्यामुळे कुणाला इजा झाली नाही.

तिसऱ्या रविवारी सगळं मूळ पदावर आलं, उलट वाढलं. बोलताना एखादा शब्द येऊ द्यायचा नाही अशी पाळत स्वतःवर ठेवली की लक्ष त्या शब्दाभोवतीच फिरतं. शहरातल्या टोस्टमास्टर्स क्लबांमध्ये, जिथं भाषणाचा सराव करतात, वक्त्याचे ‘आ-ऊ’ मोजायला एक जण मुद्दाम नेमलेला असतो. तिथं ते चालतं, कारण सगळे शिकायलाच आलेले असतात आणि पाळी प्रत्येकावर येते. ज्या माणसाने काल तुमच्या आईच्या उशाशी बसून प्रार्थना केली, त्याची मोजणी करणं निराळं.

पास्टर दुखावले होते. मला म्हणाले, “मोशेसुद्धा जड जिभेचाच होता ना? निर्गमच्या चौथ्या अध्यायात आहे.” मी म्हटलं, “मोशेची अडचण म्हणजे शब्द येत नव्हते. तुमचे शब्द तर वेळेच्या आधी येऊन बसतात.” ते हसले. बोलणं खऱ्या अर्थानं तिथून सुरू झालं.

ओट्यावर

दुपारी जेवणं झाल्यावर त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. पास्टरीणबाई तूर निवडत होत्या. गोष्ट रानडुकरांवर निघाली आणि पास्टरांनी भावाच्या वावरात रात्री डुकरं कशी शिरली ते सांगितलं. चांगली दहा मिनिटं. त्यात ‘त्या ठिकाणी’ नव्हतं, ‘जे आहे ते’ नव्हतं. थांबायचे तेव्हा सरळ थांबायचे, सुपारी या गालातून त्या गालात जायची, मग पुढचं वाक्य.

मी म्हटलं, आता तेवढ्याच वेळात उधळ्या पुत्राची गोष्ट सांगा, बाईंना, घरी बोलता तशी. ते आधी लाजले. मग सुरू झाले:

“बाप धुऱ्यावर उभा राहे. रोजच. लोकं म्हनत, कायले पाह्यता बुवा, थो काई येत नाई आता. एक दिवस दुरून कोनी येतांनी दिसलं. कपडे फाटेल, अंग वायलेलं, पन चाल ओळखीची. बाप पयत सुटला. म्हातारा मानूस, पायात चप्पल नाई, पन पयत सुटला.”

बाईंचा हात तुरीत तसाच थांबला होता. “असं काऊन नाई सांगत तुमी तिथं?” त्या म्हणाल्या.

या प्रकरणाचं निदान मला याच प्रश्नात दिसलं. जिभेला काही झालेलं नव्हतं. १९९१ साली कोलंबिया विद्यापीठात स्टॅन्ली शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकून असले ‘अं-आ’ टिपले होते. विज्ञान शिकवणाऱ्यांच्या व्याख्यानात ते कमी निघाले, साहित्य-कला शिकवणाऱ्यांच्या जास्त. पण त्याच मंडळींना वर्गाबाहेर एका सामायिक विषयावर बोलतं केलं तेव्हा हा फरक उरला नाही. त्यांनी लावलेला अर्थ असा की जिथं एकच गोष्ट सांगायला अनेक शब्द समोर उभे राहतात, निवड करावी लागते, तिथं माणूस अडखळतो. पुढं २००२ मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी दाखवलं की असे उद्गार म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेली सूचना असते, थांबा, बोलणं अजून संपलेलं नाही.

आमच्या पास्टरांना तर शब्दच नव्हे, अख्खी भाषा निवडायची होती, प्रत्येक वाक्याच्या आरंभी. वहीत इंग्रजी शीर्षक, कानात हिंदी वक्ता, तोंडात बायबलची मराठी, मनात वऱ्हाडी. एवढी उलाढाल होईपर्यंत गप्प राहायचं तर त्यांना भीती वाटे. दुभाषी असतानाची तीच भीती, की शांतता झाली म्हणजे आपण चुकलो. एरवी थोडंफार अडखळणं कुणाच्या ध्यानातही येत नाही. इथं ते ध्यानात आलं याचं कारण एकच शब्द, एकाच सुरात, इकोसकट येत होता.

आमेन कोणाचं

‘त्या ठिकाणी’ आणि ‘आमेन?’ या दोन सवयी मास्तरांच्या यादीत एकाखाली एक होत्या. मला त्या एका जातीच्या वाटत नाहीत. पहिली आहे ती वेळ काढायची. तिच्याने कंटाळा येतो, याहून जास्त नुकसान नाही. दुसरी ऐकणाऱ्याच्या मालकीचं काहीतरी काढून घेते.

आमेन हा मुळात लोकांनी द्यायचा प्रतिसाद आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातले लोक, एकेक शाप उच्चारतात आणि प्रत्येकानंतर सगळे लोक आमेन म्हणतात, बारा वेळा. करिंथकरांस पहिल्या पत्रात, १४:१६ मध्ये, पौल विचारतो की तू काय बोलतोस हे ज्याला कळलंच नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणेल? म्हणजे आधी कळणं, मग आमेन. आमच्या उपदेशात क्रम उलटा होता. वाक्य अर्धं असतानाच आमेन मागितलं जाई, आणि लोक ते देऊन टाकत, मुकाट, दानपेटीत चिल्लर टाकावी तसं. खरंच काही मनाला भिडलं तेव्हा द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही उरत नसे.

मास्तर यावर म्हणाले, मग आमेनवर बंदीच घालू. मी नको म्हटलं. परत-परत येणारे शब्द वाईट असते तर स्तोत्र १३६ लिहिलंच गेलं नसतं. सव्वीस ओव्या, आणि प्रत्येकीत देवाची दया सनातन असल्याचं तेच पालुपद. पण ते पालुपद पहिल्या अर्ध्याचं उत्तर म्हणून येतं, अर्धं संपल्यावर.

आणि विदर्भात लोकांशी सवाल-जवाब करत बोलणं कुणी शिकवायला हवं असंही नाही. गाडगेबाबा याच मातीतले, १८७६ साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना विचारलेले प्रश्न. देवाबद्दल, कर्जाबद्दल, दारूबद्दल, अगदी वऱ्हाडीत. ते विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. उत्तर लोकांच्या तोंडून निघालं की त्याच उत्तराला धरून पुढचा प्रश्न. आमचे पास्टर ‘समजतंय ना?’ विचारत आणि ‘ना’ संपायच्या आत पुढच्या वाक्याला लागत. कुणी ‘नाई समजलं’ म्हटलं असतं तर त्यांची पंचाईत झाली असती.

काय केलं

मास्तरांची यादी रद्द केली. शब्दांवर बंदी कुठलीच नाही, मोजणी नाही.

पहिलं काम इकोचं बटण शून्यावर. हे त्याच दिवशी झालं आणि माझ्या मते निम्मं काम त्यानंच केलं. आवाज कोरडा यायला लागला तसं पास्टरांना स्वतःचं बोलणं ऐकू आलं. ते घाबरले, पण ऐकू आलं.

दुसरं, वहीची पद्धत बदलली. सगळा उपदेश लिहायचा नाही, नुसते मुद्देही मांडायचे नाहीत. जिथं खुणांची गर्दी होती ते सांधे तेवढे पूर्ण वाक्यात लिहायचे: वचनानंतरचं पहिलं वाक्य, गोष्टीतून आजच्याकडे वळणारं वाक्य, दोन मुद्द्यांमधलं वाक्य, आणि अगदी शेवटचं. शेवटचं वाक्य लिहिलेलं असलं की ‘शेवटचं एकच सांगतो’ म्हणायची वेळ येत नाही. सगळी वाक्यं मराठीत, शीर्षकं मराठीत. ज्या इंग्रजी मुद्द्याला चार साध्या शब्दांत मराठी शीर्षक देता येत नाही, तो मुद्दा त्यांना स्वतःलाच अजून कळलेला नाही असं समजून गाळायचा. यात त्यांचे काही लाडके मुद्दे गेले. उपदेश आपोआप आखूड झाला.

तिसरं, शुक्रवारी संध्याकाळी ती गोष्ट बाईंना वऱ्हाडीत सांगायची. त्यांनी मध्येच ‘म्हंजे?’ विचारलं तर त्या जागी खूण. बाईंनी हे काम मनावर घेतलं. फार मनावर घेतलं, असं पास्टर म्हणतात.

चौथं अगदी शरीराचं. वाक्य संपलं की ओठ मिटायचे. पोकळ शब्द उघड्या तोंडातून निघतो, मिटलेल्या ओठांना तो आधी उघडावा लागतो आणि तेवढ्यात माणूस सावध होतो. ओठ मिटून समोरच्या एका कुणाकडे पाहायचं, वाक्य त्याच्यापर्यंत पोचल्याचं दिसलं की पुढचं. पास्टरांना हे सगळ्यात अवघड गेलं. एवढ्या वेळात लोक उठून जातील, असं त्यांना वाटायचं. मी मोबाइलवरच्या मुद्रणात त्यांना त्यांचाच एक थांबा ऐकवला. त्यांच्या मते तो मिनिटभराचा होता. घड्याळात दोन सेकंदही भरले नाहीत.

आमेन विचारायचंच असेल तर एकदा, पूर्ण वाक्यानंतर, आणि मग उत्तर येईपर्यंत थांबायचं. नाही आलं तर नाही आलं.

मृगाच्या तोंडावर

जूनचा पहिला रविवार होता. पाऊस कुठेच नव्हता. काहींनी धूळपेरणी उरकलेली, बाकीचे आभाळाकडे बघत. पास्टरांनी मत्तय १३ घेतलं, पेरणाऱ्याचा दाखला. मी मागं बसलो होतो.

वचन वाचून झालं. ओठ मिटले. मग वहीत लिहिलेलं वाक्य: “या पेरणाऱ्याला आपण सगळे ओळखतो.” आणि पुढं ते वऱ्हाडीत शिरले, ठरवून की आपोआप ते मला सांगता येणार नाही. काही बी पांधनीत पडलं, पाखरांनी टिपलं. काही बरडावर पडलं. बरडावर उगवते लवकर, खाली माती नाई, मुळी जाईन कुठं? ऊन तापलं, वायलं.

इथं ते थांबले. समोरच्या रांगेतला एक कास्तकार, जो आजवर उपदेशात कधी तोंड उघडत नव्हता, मोठ्यानं बोलून गेला, “मंग दुबार करा लागते!” सगळं प्रार्थनाघर हसलं. पास्टरही हसले, आणि त्यांनी तेच उत्तर उचललं. दुबारचं बी कुठून आणायचं, कर्ज कोण देतं, आणि हा पेरणारा मात्र वाटेवर, बरडावर, काट्यांत सगळीकडे बी टाकत चालला आहे, त्याला तोट्याची भीती कशी नाही? हा मुद्दा वहीत नव्हता. पुढची काही मिनिटं ‘त्या ठिकाणी’ दोन-तीनदा आलं असेल. मी पाहिलं, पोरांपैकी कुणीही रेघ मारली नाही.

काय उरलं

दिवाळीच्या सुमारास पुन्हा मुद्रण केलं. सवय गेलेली नाही, पण एरवीच्या रविवारी ती आता कुणाला टोचत नाही. दोन प्रसंगी ती पूर्वीसारखी परत येते. एक, वरून कुणी पाहुणे पाळक येऊन समोर बसले की. दुसरा, अंत्यविधी. तिथं शब्द निवडणं सगळ्यात अवघड आणि वेळ सगळ्यात कमी. अंत्यविधीचं बोलणं त्यांनी पूर्ण लिहून काढावं आणि सरळ वाचावं असं आता ठरलं आहे. शोकात असलेल्या घराला वाचून दाखवलेली चार वाक्यं खटकत नाहीत.

सगळे खूश आहेत असंही नाही. एक म्हातारी मावशी मला म्हणाल्या, “पह्यले पास्टर आमेन म्हनाले लावत तं डोयाले डोया लागत नव्हता. आता मले झोप येते.” त्यांच्यापुरतं ते खरं आहे. त्यांच्यासाठी उपदेशाच्या मध्ये एक गीत घ्यायचं पास्टरांनी सुरू केलं.

वऱ्हाडीचा प्रश्न जास्त गंभीर आहे. एका शिकलेल्या बाईंनी पंचांच्या बैठकीत विचारलं, पुल्पिटवरही घरचीच भाषा बोलायची तर पास्टर शिकून काय आले? यात नुसता तोरा नाही. ज्या घरांना दोन पिढ्यांपूर्वी शाळेच्या दारात बसवलं जायचं, त्यांना आपल्या प्रार्थनाघरात शुद्ध मराठी ऐकण्यात मान वाटतो, आणि वऱ्हाडी म्हणजे लोकांच्या हसण्याचा विषय, हे त्यांनी सिनेमात आणि शहरात पुरेसं सोसलं आहे. मास्तरांनी त्या बाईंची बाजू घेतली. पास्टरांनी मधला मार्ग काढला: वचन, प्रार्थना आणि अर्थ प्रमाण मराठीत, गोष्ट वऱ्हाडीत. माझ्या मते तो टिकणारा आहे, कारण तो त्यांच्या जिभेला मानवतो. बैठकीत तो एका मताच्या फरकाने पास झाला.

राहिली प्रार्थना. पास्टरांची प्रार्थना अशी: “प्रभू, आम्ही प्रभू तुझ्याकडे येतो प्रभू, तू प्रभू आमच्या आजाऱ्यांना प्रभू स्पर्श कर प्रभू.” मास्तरांनी याला तिसरी आज्ञा लावली, देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ती. शिवाय मत्तयच्या सहाव्या अध्यायातली व्यर्थ बडबडीची ताकीद. मला हे जड वाटतं. येशूची ती ताकीद पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं समजणाऱ्यांना आहे. आमचे पास्टर देवाला बोलण्याच्या जोरावर वळवू पाहत नाहीत, ते फक्त पुढचा शब्द शोधत असतात.

एक बदल मात्र सुचवला होता. आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्या पोरांची, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांची नावं पास्टरीणबाई शनिवारी चिठ्ठीवर लिहून देतात आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत ती एकेक करून घेतली जातात. नाव घ्यायचं असलं की ‘प्रभू’ला मध्ये जागाच उरत नाही, तो सुरुवातीला येतो आणि शेवटी येतो. उपकारस्तुतीत चिठ्ठी नसते. तिथं पास्टर डोळे मिटतात आणि पूर्वीसारखेच वाहत जातात. तिथं मी हात लावलेला नाही, आणि मास्तरांनाही लावू दिलेला नाही.